गाळ्यातला संसार

फ्रीजरमध्ये मटाराच्या पिशवीशेजारी बेअरिंग ठेवलेलं दिसलं, तर समजावं की ही राहायची जागा नव्हे, गाळा आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या अशाच एका पत्र्याच्या गाळ्यात मी राहतो. सोबत एक बजाज चेतक स्कूटर आणि १९७४ ची एक फियाट, दोन्ही दुरुस्तीला काढलेल्या. खरं तर राहतात त्या दोघी, मी सोबतीला आहे. उजेड, पंखा, सपाट फरशी, सगळ्यावर पहिला हक्क त्यांचा. उरलेल्या कोपऱ्यात माझी कॉट.

बेअरिंग थंड करायचं कारण साधं आहे. गारठलं की लोखंड आकसतं आणि चेतकचं अल्युमिनियमचं क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं आवरण, तापवलं की फुगतं. मग बेअरिंग अंगठ्यानं दाबलं तरी ‘टक्’ करून जागेवर बसतं. हा खटाटोप टाळला तर हातोडी उचलावी लागते, आणि अल्युमिनियमवर हातोडी चालवणाऱ्याला आमच्याकडे कुणी दुसरा चहा विचारत नाही. शेगडी मात्र एकच, त्यामुळे आधी क्रँककेस तापतं, मग चहा.

घरातली एकेक वस्तू अशी गाडीकडे जाते. टूथब्रश कार्बोरेटरकडे गेला, जुनी बनियनं पुसायला गेली. श्रीखंडाचे रिकामे डबे तर आईकडून मागवून घेतो. झाकणावर मार्करनं लिहिलेलं असतं: ‘मागचा डावा दरवाजा, वरची बिजागरी’. फोनवर आई विचारते, “अरे, त्या डब्यांत जेवण भरतोस ना?” मी हो म्हणतो.

लोक विचारतात, खोली घेऊन रोज ये-जा का करत नाहीस? त्यांना वाटतं, जुनी गाडी दुरुस्त करून पुन्हा उभी करणं म्हणजे दिवसभर पाना फिरवणं. पाना फिरतो थोडाच वेळ, बाकी सगळं थांबणं असतं. पत्र्याचे खड्डे भरायची लांबी (पुट्टी) वाळायची थांबा, प्रायमर वाळायचा थांबा. गंजून आवळलेला बोल्ट तर घाईच्या माणसासाठी नसतोच. रात्री त्यावर तेल सोडायचं, सकाळी दात घासता घासता डोक्यावर हलकी टिचकी मारायची, दुपारी पुन्हा तेल. एके दिवशी तो पाव आटा सरकतो, कर्र आवाज येतो आणि तांबूस भुकटी गळते. फक्त रविवारी येणाऱ्याला तो त्याच रविवारी काढायचा असतो; तो पान्याला पाईप लावतो आणि बोल्टचं डोकं हातात येतं. इथं राहिल्यानं मला हे थांबणं फुकट मिळतं. मधल्या वेळेत मी भात लावतो.

बाजारात न मिळणारा बुश (दांड्याभोवती बसणारी धातूची नळी) शेजारचे लेथवाले मामा गनमेटल या मिश्रधातूतून काढून देतात. हातातलं काम न थांबवता, “काय भावा, जेवलास काय?” आणि उत्तराआधीच माप घ्यायला व्हर्नियर लावलेला.

त्रास नाही असं नाही. पावसाळ्यात रंग मारता येत नाही. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगातलं थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि चकाकीवर पांढरट झाक चढते. रंग मारलेल्या रात्री वासामुळे आत झोपवत नाही, कॉट शटरबाहेर येते. बॅटरी चार्जिंगला लावली तरी खिडकी उघडी ठेवावी लागते, कारण त्यातून हायड्रोजन निघतो. बाकी डासांना थिनरचं काहीच वाटत नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची, म्हणजे लोकांच्या तोंडी फियाटचीच, मुदत संपली, तेव्हापासून आत डोकावणारे वाढलेत. प्रत्येकाच्या काकांकडे फियाट होतीच. स्टिअरिंगजवळचा गिअर हलवून बघतात, हळहळतात आणि निघताना विचारतात, “किती पडतील हिचे?”

पन्नाशी उलटलेल्या गाडीला २०२१ च्या नियमानं ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते. शुल्क वीस हजार, आणि गाडी रॅलीला, प्रदर्शनाला न्यायची. रोजच्या वापराला नाही. मला तर तिच्यातून मिसळ खायला जायचंय, भाजी आणायचीय. म्हणून साधं पासिंगच (नोंदणीचं नूतनीकरण) बरं, दर पाच वर्षांनी आरटीओत हजेरी लावू. सध्या ब्रेकचं मास्टर सिलिंडर गळतंय, त्याचं किट अजून आलेलं नाही. तेव्हा पासिंग दिवाळीनंतरच.