आमची वाटचाल: वेबसाइट हलवणारी माणसं

दादरला आमचं छोटं ऑफिस. गिऱ्हाईक म्हणजे दवाखाने, मसालेवाले, छापखाने. आधी वेबसाइट बनवायचो. आता बनलेल्या वेबसाइट एका होस्टिंगवरून (वेबसाइट ठेवायच्या भाड्याच्या सर्व्हरवरून) दुसऱ्यावर हलवण्याचंच काम जास्त येतं. ए रेकॉर्ड म्हणजे वेबसाइटचं नाव कोणत्या सर्व्हरच्या आयपी पत्त्यावर जातं ती नोंद. त्यातला आयपी बदलला की झालं, असं ऐकताना वाटतं. खरं काम त्याच्या आदल्या दिवशीचं.

टीटीएल म्हणजे ती नोंद किती सेकंद लक्षात ठेवायची तो आकडा. तो ८६४०० असेल, तर ज्या रिझॉल्व्हरने (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरने) जुना आयपी नुकताच घेतलाय तो चोवीस तास तोच सांगत राहणार. म्हणून टीटीएल ३०० वर आणतो, पण बदलाच्या किमान चोवीस तास आधी. कारण कमी केलेला टीटीएलसुद्धा जुना संपल्यावरच कळतो. शनिवारी रात्री हलवायचं तर शुक्रवारी सकाळीच हात लावायचा. सगळं स्थिरावलं की परत ३६००. ‘प्रोपगेशनला (बदल पसरायला) ४८ तास लागतात’ म्हणतात, पण पसरत काहीच नसतं, जुन्या नोंदी शिळ्या होत असतात. ते ४८ तास नेमसर्व्हर (डोमेनच्या सगळ्या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलताना खरे, कारण तो नेमसर्व्हर कोणता हे सांगणाऱ्या डॉटकॉमच्या वरच्या नोंदीचा टीटीएल १७२८०० सेकंद आहे. म्हणून नेमसर्व्हर आणि होस्टिंग एकाच दिवशी आम्ही बदलत नाही.

सगळ्यात चकवणारा तो एएएए रेकॉर्ड, म्हणजे आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्याची नोंद. ए बदलला, आयपीव्ही६ चा जुनाच राहिला, की आयपीव्ही६ नसलेल्या ऑफिसच्या ब्रॉडबँडवर नवी साइट आणि मालकाच्या आयपीव्ही६ वरच्या मोबाइलवर जुनी. मग मालक कॅशे साफ करत बसतो! नव्या सर्व्हरला आयपीव्ही६ नसेल तर तो रेकॉर्ड सरळ काढायचा.

मेल बिघडला तर फोन थांबत नाहीत. एमएक्स (मेल कुठे जायची ते सांगणारा रेकॉर्ड) ‘मेल’ या नावाकडे बोट दाखवतो आणि त्या नावाचा स्वतःचा ए रेकॉर्ड असतो. सगळे आयपी सरसकट बदलले की मेल नव्या वेबसर्व्हरवर जाऊन आपटते. नेमसर्व्हर बदलताना तर एसपीएफ, डीकेआयएमच्या टीएक्सटी नोंदी (मेल खरंच आपल्याकडूनच आली हे पटवणाऱ्या) हमखास मागे राहतात. जुना झोन (डोमेनच्या सगळ्या नोंदींची यादी) आधी शीटमध्ये उतरवून घ्यायचा. पॅनेलमध्ये (नोंदी भरायच्या पानावर) नोंदीचं नाव भरताना पूर्ण डोमेन टाकू नये. बरेच पॅनेल ते स्वतः जोडतात आणि ‘मेल.दुकान.कॉम.दुकान.कॉम’ तयार होतं.

तपासताना डिग या नोंदी विचारायच्या कमांडने आधी डोमेनच्या नेमसर्व्हरलाच विचारायचं, मग ८.८.८.८ या गूगलच्या रिझॉल्व्हरला. पहिल्याचं उत्तर चुकलं तर चूक आपली, फक्त दुसऱ्याचं चुकलं तर जुनी नोंद शिळी होईपर्यंत वाट बघायची.

जुनं होस्टिंग आठवडाभर चालू ठेवतो. त्याचं भाडं कोटेशनमध्येच लिहिलेलं असतं.