टेकडी राखायची असेल तर तिचा मोबदलाही द्यायला हवा

गेली चौदा वर्षे मी जवळजवळ रोज सकाळी पुण्यातील बावधनच्या मागची टेकडी चढते. फेब्रुवारीत पाने गळून गेलेल्या गणेराला पिवळी फुले लागतात, मे महिना सरता सरता नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ ऐकू येऊ लागते, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवडाभरात सगळा उतार हिरवा होतो. या वर्षी मात्र उताराच्या पायथ्याशी मुरूम खणलेला दिसला. त्याच्या वरच्या अंगाला फक्कीने आखलेले चौकोनही होते, प्लॉट पाडण्यासाठी आखतात तसे. पुढच्याच आठवड्यात आमच्या भागातील रहिवाशांनी महापालिकेला निवेदन द्यायचे ठरवले. त्या निवेदनात नेमके काय मागायचे यावर आमच्यात जी चर्चा झाली, ती इथे सविस्तर मांडावी असे वाटले.

मुळात ही टेकडी मोकळी राहिली कशी, ते आधी सांगते. 1997 साली पुण्याच्या हद्दीत अनेक गावे आली आणि त्यांपैकी काही पुढे वगळली गेली. उरलेल्या 23 गावांचा विकास आराखडा तयार होताना त्यातील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे, म्हणजे बीडीपीचे, आरक्षण सुचवण्यात आले. हे क्षेत्र सुमारे 978 हेक्टर होते आणि त्यातील बरीचशी जमीन खाजगी मालकीची होती. चार टक्के बांधकामाला परवानगी द्यावी की अजिबात देऊ नये, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. त्या काळात पुण्यातील नागरिकांनी सह्या गोळा केल्या, हरकती व सूचना लिहून दिल्या, सुनावण्यांना हजेरी लावली आणि नगरसेवकांच्या घरी जाऊन नकाशे समजावून सांगितले. अखेर 2015 मध्ये राज्य शासनाने आरक्षण कायम केले. बांधकामाला परवानगी दिली नाही आणि जागामालकांना आठ टक्के टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देण्याचे ठरवले. नागरिकांच्या चिकाटीला मिळालेले एवढे मोठे यश या शहरात क्वचितच पाहायला मिळाले आहे, असे मी आजही मानते.

असे असले तरी नकाशावर हिरवा रंग भरल्याने जमीन महापालिकेच्या नावावर होत नाही. सातबाऱ्यावर शेतकऱ्याचेच नाव राहते आणि ती जमीन ताब्यात घेण्याची जबाबदारी महापालिकेवर येते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 127 नुसार, आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक महापालिकेला नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत झाले, म्हणजे संपले, असे समजले जाते आणि लगतच्या जमिनीवर जो वापर अनुज्ञेय आहे तोच या जमिनीवरही करता येतो. आमच्या टेकडीला लागून निवासी इमारती उभ्या आहेत, त्यामुळे ‘लगतचा वापर’ या शब्दांचा इथे अर्थ काय होतो हे वेगळे सांगायला नको. 2015 मध्ये दहा वर्षे मिळवली की आपण कोणत्या टप्प्यावर उभे आहोत तेही लक्षात येते. 2025 मध्ये राज्य शासनाने या आरक्षणाचा आणि डोंगरमाथा-डोंगरउतार क्षेत्राचा विचार करण्यासाठी निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. ज्या प्रश्नाचा निकाल लागला असे आम्ही धरून चाललो होतो, तो त्यामुळे पुन्हा टेबलावर आला.

आमच्या बैठकीत बहुतेकांचे म्हणणे एका वाक्याचे होते: टेकडीवर एकही वीट चढू देऊ नका. मी त्याच्याशी पूर्ण सहमत आहे. तरीही निवेदन तेवढ्यावर थांबवू नये असा मी आग्रह धरला. ज्याची जमीन वीस-पंचवीस वर्षे आरक्षणाच्या छायेत अडकून पडली आहे, त्या माणसाच्या बाजूने एकदा हिशेब करून पाहावा. त्याने 1000 चौरस मीटर जागा दिली, तर त्याला 80 चौरस मीटरचा टीडीआर मिळतो. रस्त्यासाठी किंवा शाळेसाठी जागा देणाऱ्या शेजाऱ्याला मात्र दिलेल्या क्षेत्राइतका किंवा त्याहूनही अधिक मिळतो. अशा स्थितीत तो आपणहून जमीन देत नाही. महापालिका रोख मोबदला देऊन संपादन करत नाही. मग जमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पडतात आणि स्टँप पेपरवरच्या करारावर ते विकले जातात. घेणारा बहुतेक वेळा पुण्यात मोलमजुरी करून पै-पै जमवलेला माणूस असतो. उद्या कारवाई झाली की घर त्याचेच पडते आणि विकणारा दलाल केव्हाच दूर गेलेला असतो. टेकडीचा खालचा उतार आज असाच कुरतडला जात आहे.

टेकडी फिरायला येणाऱ्यांच्या आनंदासाठी राखायची, असा समज शहराच्या इतर भागांत अजून आहे. त्यामुळे पाण्याबद्दल थोडे लिहिते. आपल्या टेकड्या काळ्या पाषाणाच्या थरांच्या आहेत. घट्ट पाषाणातून पाणी झिरपत नाही, पण मुरमाच्या आणि भेगाळलेल्या थरांतून ते खाली उतरते आणि पायथ्याच्या झऱ्यांना व विहिरींना मिळते. बावधनला असे झरे आहेत. उतार खणून सपाट केला, वर काँक्रीट ओतले, की तेच पाणी जमिनीत न मुरता एका तासात ओढ्यात येते. जून 2013 मध्ये कात्रज बोगद्याजवळ शिंदेवाडीला डोंगर फोडून सपाट केलेल्या भागातून पाण्याचा लोंढा महामार्गावर आला आणि एक आई व तिची लहान मुलगी त्यात वाहून गेल्या. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबिल ओढा सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी या भागांत शिरला. त्या रात्रीच्या पावसाने पुणे व परिसरात वीसहून अधिक जीव घेतले. या माणसांपैकी कितीजण कधी टेकडीवर फिरायला गेले असतील? उतारावर जे केले जाते त्याची किंमत खाली ओढ्याकाठी राहणारा चुकवतो आणि त्याला सुनावणीचे पत्रही येत नाही.

मार्च 2022 नंतर अनेक वर्षे महापालिकेत निवडून आलेले सभागृहच नव्हते. निवेदन द्यायचे ते प्रशासकांच्या कार्यालयात, पोच घ्यायची आणि परत यायचे. मीही तीन पोचपावत्या जपून ठेवल्या आहेत. ज्याला रस्त्यात अडवून प्रश्न विचारावा असा आपल्या प्रभागाचा माणूस नसणे म्हणजे काय, हे त्या वर्षांनी शिकवले.

आमच्या निवेदनात आता तीन मागण्या आहेत. आरक्षण आहे तसे राहावे आणि 1:5 पेक्षा, म्हणजे पाच मीटर आडव्या अंतरात एक मीटर चढापेक्षा, तीव्र उतारावर बांधकामास मनाई करणारा नियम कोणत्याही नव्या धोरणात सैल होऊ नये, ही पहिली. दुसरी मागणी अशी की, जागामालकांचा मोबदला इतर आरक्षणांच्या बरोबरीने आणावा आणि संपादनासाठी महापालिकेने दरवर्षी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी, तिची सुरुवात पायथ्याच्या जमिनींपासून व्हावी, कारण अतिक्रमण तिथूनच वर चढते. तिसरी मागणी खणलेल्या उताराचा पंचनामा पावसाळ्याआधी करण्याची आहे.

दुसऱ्या मागणीवरून बैठकीत मतभेद झाले. बिल्डरांनी आधीच विकत घेतलेल्या जमिनींनाही वाढीव मोबदला मिळेल, अशी काहींची शंका होती आणि ती रास्त आहे. त्यावर मला सुचलेला उपाय एवढाच की आरक्षण लागण्यापूर्वीपासून सातबाऱ्यावर ज्यांचे नाव आहे त्यांना आणि त्यांच्या वारसांना प्राधान्य द्यावे. हे कायद्यात कसे बसवायचे ते जाणकारांनी सांगावे, मी ऐकायला तयार आहे.

रविवारी सकाळी टेकडीच्या वाटेवर टेबल मांडून आम्ही सह्या घेत होतो. नऊच्या सुमारास गावातले एक आजोबा आले. त्यांची दीड एकर जमीन याच आरक्षणात आहे. त्यांनी निवेदन पूर्ण वाचले, दुसऱ्या मागणीपाशी थांबून ते पुन्हा वाचून काढले, मग चष्मा खिशात ठेवून सही केली आणि तिच्याखाली लिहिले, ‘शेतकरी, जागामालक’.