कोब्याला आधी पाणी पाजायचं

आमचं घर औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावातलं, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर मिळालेलं. आत सगळीकडं उघडा कोबा, म्हणजे सिमेंट-वाळूची घोटलेली जमीन. वर पॉलिश नाही, रंग नाही. उन्हाळ्यात दुपारी त्यावर नुसतं अंग टाकलं तरी जीव निवतो, म्हणून सासूबाई टाइल्सला कधी तयार झाल्या नाहीत आणि आता मलाही नको वाटतात.

मागच्या येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाच्या, आदल्या रात्री भज्जीची तयारी चालली होती, तेव्हा करडईच्या तेलाचा डबा लवंडला. सकाळपर्यंत ताटाएवढा काळा डाग. आंबिलीचं मडकं ठेवलं होतं तिथं एक फिकट, खरबरीत कडं उमटलेलं. साबणानं काहीच हलेना, म्हणून मी संडासात टाकायचं अ‍ॅसिड ओतलं. फसफसून फेस आला. मला वाटलं, मळ निघतोय.

वाळल्यावर हात फिरवला तर बोटांना वाळू लागली. तेलाचा डाग तसाच, आणि भोवतीची घोटाई उडालेली. नंतर रोज झाडताना करडी भुकटी निघायची, रांगणाऱ्या लेकराच्या गुडघ्यांना लागायची. ते बघून मला फार वाईट वाटलं.

गावातल्या जुन्या मिस्त्रीमामांना बोलावलं. उकिडवं बसून त्यांनी नखानं खरवडलं. "सूनबाई, फेस आला तो मळाचा नव्हं, सिमेंटचा. अ‍ॅसिड सिमेंट खातंय, मग वाळू उघडी पडती. तुमच्या आंबिलीनं बी तेच केलंय, हळू केलंय एवढंच." आंबिलीच्या आंबट ताकातलं आम्ल सिमेंट झिजवतं, दूध डेअरीतल्या फरशा त्यानंच खराब होतात. लिंबू आणि व्हिनेगरचंही तेच. घरात ब्लिचिंग पावडर बघून मामांनी बजावलं, ती अ‍ॅसिडात चुकूनही पडू द्यायची नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

पहिल्या दिवशी फक्त कोरडं काम. न्हाणीजवळ पांढरा खार फुटला होता, तो ओला न करता काथ्याच्या ब्रशनं घासून सुपलीत भरला. खार म्हणजे क्षारच. ओला केला की विरघळून परत आत मुरतो. तारेचा ब्रश मामांनी हातात घेऊ दिला नाही. त्याच्या ओरखड्यांत पुन्हा मळ बसतो.

दुसऱ्या दिवशी धुणं, आणि इथंच माझी इतकी वर्षं चूक होत होती. मी थेट कोरड्या कोब्यावर साबणाचं पाणी टाकत असे. कोबा तहानलेला असतो, मळासकट ते पाणी पिऊन टाकतो. आता आधी साधं पाणी शिंपडायचं, दहा मिनिटं मुरू द्यायचं. छिद्रं भरली की साबणाचं पाणी वरच राहतं. मग अर्धी बादली कोमट पाण्यात चमचाभर साधी धुण्याची पावडर, हातभर जागा घासायची आणि वाळायच्या आत जुन्या टॉवेलनं गढूळ पाणी टिपायचं. नंतर दोनदा साध्या पाण्याचं पोतेरं. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळं आमच्याकडं पाणी वाहवणं कुणाला बघवत नाही. एका खोलीला दोन बादल्या पुरल्या.

तेलाच्या डागाला धीर लागला. धुण्याचा सोडा आणि पांढरी रांगोळी कोमट पाण्यात कालवून थालीपिठाच्या पिठाएवढं घट्ट केलं, हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालून डागावर बोटभर थापलं. वर प्लास्टिक, रात्रभर. सकाळी प्लास्टिक काढून वाळू दिलं. वाळताना रांगोळी तेल वर ओढते. पहिला थर पिवळा पडून निघाला, दुसरा थोडा कमी, चौथ्याला जवळपास पांढराच. डागाची सावली अजून दिसते, पण पाय चिकटत नाही.

अ‍ॅसिडनं झालेली भुकटी मात्र धुऊन थांबत नाही. तिथं सोडियम सिलिकेटचं द्रावण लावतात. ते सिमेंटमधल्या चुन्याशी मिळून वरचा थर घट्ट करतं. ते लावायच्या आधी कोब्यातली ओल तपासायला दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून रात्रभर ठेवला. चुलीकडच्या बाजूला कोरडा निघाला. न्हाणीकडच्या बाजूला खाली घामासारखे थेंब होते आणि कोबा काळा पडलेला. ती बाजू चैत्राचं ऊन लागेपर्यंत तशीच ठेवणार आहे.