खेळायला की उगाळायला?

ठाण्यात जांभळी नाक्याला काष्ठौषधींच्या दुकानात माझ्या पुढे एक तरुण मुलगी. कानाला फोन. "हो आई, सागरगोटा पण घेते."

दुकानदार काकांनी विचारलं, "खेळायला की उगाळायला?"

"खेळायला? म्हणजे?"

काका काही बोलले नाहीत. बरणीतून एक करडी, गुळगुळीत बी काढून काउंटरवर टाकली. टक्क!

तिचं ते "म्हणजे?" काही डोक्यातून जाईना.

या बीचं झुडूप भलतंच खाष्ट. कोकणात किनाऱ्याकडे, कुंपणांवर वेडंवाकडं पसरतं, शेजारच्या झाडाला धरून वर चढतं. काटे मांजराच्या नखांसारखे वळलेले. फांद्यांवर तर आहेतच, पानाच्या देठावरही. शेंगही काटेरी, आणि एवढा बंदोबस्त करून आत जेमतेम एक-दोन बिया! कवच इतकं टणक की समुद्रात तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागतात आणि तिथे रुजतात.

आतला गर कडूजहर. पूर्वी मिऱ्याबरोबर हिवतापात द्यायचे, पोटात मुरडा आला की उगाळून चाटवायचे. बाळगुटीत तर हमखास. (आता बालरोगतज्ज्ञ सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नको म्हणतात, आणि मला ते पटतं. पण फोनवरच्या त्या 'आई' म्हणजे तिच्या सासूबाई होत्या, मी गप्प बसले.)

औषधाचा सागरगोटा निदान बरणीत तरी उरलाय. खेळायचे कुठे गेले? आजीकडे डबाभर असायचे. वर उडवलेला खाली यायच्या आत बाकीचे उचलायचे, यात ती आम्हा सगळ्यांना हरवायची.

येऊरला किंवा खाडीकडे हे झुडूप कुणी पाहिलंय का? बघायला येईन म्हणते. पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून.