मिडनाइट ऑइलची नवी गाणी आणि बोन्सचा बास

1 ऑक्टोबर 2000. मला सिडनीत येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. हॅरिस पार्कला एका मराठी कुटुंबाच्या घरी आम्ही सगळे टीव्हीपुढे बसून ऑलिंपिकचा समारोप बघत होतो. मिडनाइट ऑइल हा ऑस्ट्रेलियन रॉक बँड मंचावर आला, ‘बेड्स आर बर्निंग’ सुरू झालं. पाचही जणांच्या काळ्या कपड्यांवर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता, ‘सॉरी’. मला काही उमगेना. काकांनी समजावलं: इथल्या मूळ रहिवाशांची मुलं सरकारने आईबापांपासून तोडून नेली होती आणि पंतप्रधान हॉवर्ड त्याबद्दल देशाच्या वतीने माफी मागायला तयार नव्हते. तेही त्या रात्री स्टेडियममध्येच होते. मी त्या दिवशी या बँडची झाले ती आजतागायत.

2002 च्या डिसेंबरात बँडचा गायक पीटर गॅरेट बँड सोडून राजकारणात गेला. खासदार झाला, पुढे मंत्रीही. 2008 साली सरकारने संसदेत माफी मागितली तेव्हा तो त्याच मंत्रिमंडळात होता. त्याचा मला फार आनंद झाला, तरी नवीन गाणं नाही याची रुखरुख होतीच. 2017 मध्ये ते पुन्हा एकत्र येऊन जगभर फिरले, पण ती जुनीच गाणी. मला नवी हवी होती.

ती आली 2020 च्या ऑगस्टमध्ये. ‘गॅडिगल लँड’. कोरोनाचे दिवस, कामावरून एकटीच गाडीतून घरी येत होते. गॅडिगल, म्हणजे सिडनीचे मूळ रहिवासी, हा शब्द मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते. शहरातल्या ऑफिसात प्रत्येक मोठ्या मीटिंगच्या आधी कुणीतरी कागदावरून वाचतं, ‘आपण गॅडिगल लोकांच्या भूमीवर जमलो आहोत’, आणि लगेच बजेटचा विषय निघतो. गाण्यात मात्र जोएल डेव्हिसन हा गॅडिगल तरुण स्वतःच्या भाषेत बोलतो, आणि मागून ब्रास, म्हणजे पितळी वाद्यं, खणखणत येतात. मी गाडी कडेला घेतली. वीस वर्षं ज्यांच्या जमिनीवर पोट भरलं, त्यांची भाषा माझ्या कानावर पहिल्यांदा पडत होती! पॅरामॅटा हे आमच्या उपनगराचं नावसुद्धा दारुग या मूळ रहिवासी लोकांच्या शब्दावरून आलंय, हे मी त्या रात्री शोधून वाचलं.

ऑक्टोबरअखेर ‘द मकराटा प्रोजेक्ट’ हा अल्बम आला. सातच गाणी, आणि बहुतेकांत मूळ रहिवासी कलाकार सोबतीला. मकराटा हा योल्ङु या मूळ रहिवासी लोकांचा शब्द, भांडणानंतरचा समेट. त्यानंतर साधारण आठवड्यानेच बातमी आली, बासवादक बोन्स हिलमन गेला. कॅन्सरने. मला रडू आवरेना. लोक गॅरेटचं टक्कल आणि त्याचा नाच लक्षात ठेवतात, पण कोरसमध्ये गॅरेटच्या खरखरीत आवाजाखाली जो गोड, सरळ सूर लागतो, तो बोन्सचा.

सुदैवाने पुढच्या ‘रिझिस्ट’साठीही त्याने आधीच वाजवून ठेवलं होतं. तो अल्बम 2022 च्या फेब्रुवारीत आला. ‘रायझिंग सीज’ लागलं की लेक पुढच्या सीटवरून हात लांब करते आणि बासचं बटण वाढवते. तिला सांगावं लागत नाही.