तुम्ही विचारलंत म्हणून : जुना माल घेऊन विकायचा धंदा

"ताई, सेकंड हँड वस्तू घ्यायच्या-विकायच्या धंद्यात पडायचंय, भांडवल किती लागेल?" हे मला सगळेच विचारतात, नात्यातले, दुकानात आलेली गिऱ्हाईकं, मुलीच्या कॉलेजातली पोरं. मी सोलापुरात जुन्या शिलाई मशिनी घेते, नीट करते आणि विकते, त्यामुळे उत्तर माझ्या मालावरूनच देणार. पण तुम्ही फ्रिज घ्या नाहीतर सायकली घ्या, मी तेच सांगेन, भांडवलाच्या आधी वस्तू ठरवा, आणि एकच ठरवा.

होतं काय, हातात पन्नास हजार आले की माणूस स्वस्त दिसेल ते उचलतो, एक कूलर, दोन मोबाईल, कुणाचा तरी सोफा. प्रत्येकाचा मेकॅनिक वेगळा, पार्ट वेगळे, गिऱ्हाईक वेगळं, आणि आतलं काही कळत नाही म्हणून विकणारा सांगेल त्या भावात घ्यायचं आणि घेणारा पाडून मागेल त्या भावात द्यायचं. जुन्या मालात पैसा सुटतो तो घेताना, विकताना नाही. आणि तो सुटायचा असेल तर समोरच्या वस्तूत काय बिघडलंय आणि ते किती रुपयांत नीट होईल हे तिथल्या तिथे उभ्या उभ्या कळलं पाहिजे, ते एका वस्तूचं शिकायलाच बराच काळ जातो, दहा वस्तूंचं कधी शिकणार?

मी शिलाई मशीन धरली ती गाव बघून. सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे कारखाने आहेत, ते मशिनी बदलतात, एखादा बंद पडतो, म्हणजे माल गावातच निघतो. बिड्या वळणाऱ्या बायका इथे हजारोंनी आहेत आणि आपल्या पोरीने तंबाखूत हात घालू नये, मशीनवर बसावं, हे मी त्यांच्या तोंडून कितीदा ऐकलंय, म्हणजे गिऱ्हाईकही गल्लीतच. आणि तिसरं म्हणजे पार्ट. काळ्या बॉडीची साधी मशीन, सिंगर असो, उषा असो की लुधियानाची कुठलीही, बहुतेक आतून सारख्याच, त्यामुळे लुधियानाहून येणारे शटल (खालून दोरा पकडून टाका घालणारा भाग), बॉबिन केस (खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी), कापड पुढे सरकवणारे दात, स्प्रिंगा तीस वर्षांच्या जुन्या मशिनीलाही बसतात. तुमच्या गावात काय पडून असतं, काय कुणाला हवं असतं आणि पार्ट कशाचे मिळतात, हे तिन्ही जिथे जुळेल ती तुमची वस्तू.

आता मशीन बघायची कशी ते सांगते, कारण खरा धंदा तिथेच आहे.

घरातून "बंद पडलीय, न्या" म्हणून येणाऱ्या मशिनींपैकी कितीतरी बंद पडलेल्या नसतातच. घरात मशीनचं तेल नसतं म्हणून बायका खोबरेल घालतात, ते वर्षानुवर्षं आत सुकतं, डिंकासारखं चिकट होतं, आणि चाक हलेनासं होतं. मी वरच्या भोकात काडी घालून बघते, पिवळट चिकट लागलं की समजायचं हेच आहे. रॉकेल सोडायचं, थोडं थांबायचं, चाक हाताने पुढे-मागे करत राहायचं, काळा गाळ सुटायला लागतो, तो पुसायचा, परत सोडायचं, आणि एका क्षणी चाक असं मोकळं होतं की एका बोटावर फिरतं. मग मशीन ऑइल. हे मला अजूनही दर वेळी आवडतं. तसंच "टाकाच पडत नाही" म्हणतात तेव्हा आधी सुई बघा, सपाट बाजू उलटी बसलेली असते. खाली दोऱ्याचा गुंता होत असेल तर बहुतेक वेळा दोष वरच्या टेन्शनचा, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या चकत्यांचा असतो, चकत्यांत धागे अडकलेले असतात किंवा दोरा चकत्यांत बसलेलाच नसतो.

आणि घ्यायची नाही ती कुठली? सुई लावायची दांडी धरून हलवा, डावी-उजवीकडे खेळत असेल तर ती मशीन जीन्स शिवणार नाही. शटलच्या टोकावरून नख फिरवा, अडकलं तर दोरा तुटणार, पण शटल बदलता येतं. बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या बॉडीला तडा असेल आणि वेल्डिंग मारलेलं असेल तर कितीही स्वस्त असो, सोडा. कारखान्यातली पॉवर मशीन असेल, ज्यांना आपल्याकडे सरसकट जुकीच म्हणतात, तर मोटर बघा, क्लच मोटर चालू केली की शिवत नसतानाही वीज खात राहते, सर्वो असेल तर पायडल दाबल्यावरच खाते. घरी काम करणाऱ्या बाईला हा फरक बिलात दिसतो, म्हणून सर्वोला मी जास्त पैसे देते आणि का ते गिऱ्हाइकालाही सांगते.

मशीन नुसती तेलाने अडकलेली असेल तर मी विकणाऱ्या बाईला तसं सांगते. भाव पाडून नेता येते हे मला माहितीय, पण तसं करायचं नाही असं माझं ठाम मत आहे. ती म्हणते राहू दे मग माझ्याकडेच, तर मी साफ करून मजुरी घेते, आणि तिला विकायचीच असेल तर चालू मशीनचा भाव देते. हाच माझा माल येण्याचा रस्ता आहे, एक बाई चार जणींना पाठवते.

विकताना मी कपड्यांची एक पिशवी ठेवलीय, टू बाय टूचा ब्लाउजचा तुकडा, शिफॉन, जीन्सचा दुमडलेला तुकडा. गिऱ्हाइकाने स्वतः बसून तिन्ही शिवून बघायचं, मी हात लावत नाही. शिवाय तीन महिने टाक्याची जबाबदारी माझी, घरी येऊन बघून देते.

हिशोब असा धरा. समजा मशीन २,५०० ला घेतली, रिक्षाचे २००, पार्टचे ४००, पट्टा-तेल-फळीला पॉलिश ३००, झाले ३,४००. विकली ४,५०० ला तर सुटले १,१००. घेतली केवढ्याला नि विकली केवढ्याला एवढंच धरून बसलात तर २,००० सुटले असं वाटतं आणि तिथेच गणित फसतं. म्हणून भांडवल म्हणाल तर दोन-तीन मशिनींचे पैसे, पाने-स्क्रूड्रायव्हर आणि घरातला एक कोपरा, बास. कर्ज काढून माल भरू नका, एक विकली की दुसरी घ्या.

कागद मात्र पहिल्या दिवसापासून. विकणाऱ्याचं नाव, पत्ता, सही, ओळखपत्र, मशीनवरचा नंबर, सगळं वहीत. चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसं वाटायला सबळ कारण असताना घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. वही असेल तर प्रामाणिक माणसाला काहीतरी आधार राहतो. कारखान्याची मशीन कामगार विकायला आणत असेल तर मालकाशी बोलल्याशिवाय घेऊ नका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होते, ती करून टाका. नुसता माल राज्यातल्या राज्यात विकत असाल आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. पुढे लागलीच तर जुन्या मालाला नियम ३२(५) आहे, खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, घेतलं नसेल तर कर पूर्ण किमतीवर नाही, खरेदी-विक्रीतल्या फरकावर. मोठं झालात की सीएला हे नक्की विचारा.

आणि सुरुवात कधी करू विचाराल तर शाळा उघडल्यावर. उन्हाळ्यात युनिफॉर्मचं काम जोरात असतं, कारखानदार एकही मशीन सोडत नाही, जुलैत काम उतरलं की अडगळीतल्या मशिनी निघायला लागतात. त्या आषाढ-श्रावणात घ्यायच्या, निवांत उघडून साफ करायच्या आणि दसऱ्याच्या आत तयार ठेवायच्या. दसऱ्याला मशीनची पूजा असते, घरात मशीन आणायची तर त्याच दिवशी आणायची असं बऱ्याच जणींचं असतं, आणि त्या आठ दिवस आधीच येऊन बघून जातात.