पाण्यात पडलेला नारळ

विजयदुर्ग, १८ जानेवारी

आज दुपारी साडेचारच्या सुमारास वाघोटण खाडीच्या मुखाशी, किल्ल्याच्या आडोशाला नांगर टाकला. जयगडहून उजाडताच निघालो होतो. सुमारे ४५ सागरी मैलांचा हा टप्पा उजेड असेपर्यंत पुरा करायचा, हे आधीच ठरले होते. थंडीच्या दिवसांत या किनाऱ्यावर सकाळी जमिनीकडून मतलई वारा येतो, मग तास-दोन तास शिडे नुसती लोंबत राहतात आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा जोर धरतो. वारा इतका शहाण्यासारखा वागत असला तरी रात्री किनाऱ्याजवळून जायचे आम्ही टाळतो. मासेमारीच्या जाळ्यांच्या खुणा म्हणजे कधी थर्मोकोलचा तुकडा, कधी रिकामा कॅन, आणि अंधारात त्यांतले काहीच दिसत नाही. एकदा जाळ्याचा दोर इंजिनाच्या पंख्यात गुंतला, तेव्हा ह्यांना पाण्यात उतरून अर्धा तास सुरीने तो कापावा लागला होता.

आजची नोंद मात्र नारळाची आहे. रत्नागिरीचे दीपगृह मागे पडले होते, सुकाणू माझ्या हाती होते आणि नौका ५ नॉट वेगाने छान चालली होती. तेवढ्यात ह्यांनी काहीही न सांगता एक असोला नारळ पाण्यात टाकला आणि "माणूस पडला!" असे ओरडले. या सरावाची कल्पना माझीच होती, पण तो कधी करायचा हे त्यांच्यावर सोपवले होते. पाण्यातल्या माणसाचे फक्त डोके दिसते, आणि ते असोल्या नारळापेक्षा फारसे मोठे नसते. मी जीपीएसवर जागेची खूण करणारे बटण दाबले, शिडाची दोरी सैल केली, मागे वळून पाहिले, आणि नारळ कुठेच नव्हता. लाटा जेमतेम फूटभर उंचीच्या होत्या. ५ नॉट म्हणजे सेकंदाला अडीच मीटर. माझ्या अर्ध्या मिनिटाच्या गडबडीत आम्ही ७५ मीटर पुढे आलो होतो. नंतर वीस मिनिटे त्या भागात घिरट्या घातल्या, तरी तो नारळ सापडला नाही.

आम्हाला शिकवले होते ते असे, की कोणी पडल्यास एकाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत राहायचे, नजर क्षणभरही हलवायची नाही आणि नौका दुसऱ्याने वळवायची. यात किमान तीन माणसे गृहीत धरलेली आहेत. आमच्या नौकेवर दोघेच, त्यामुळे एक पडला की उरलेल्यानेच बघायचे, वळायचे आणि शिडेही सांभाळायची. म्हणून दुसऱ्या नारळाच्या वेळी मी आधी फक्त सुकाणू फिरवले. पुढच्या शिडाची दोरी न सोडता नौका वाऱ्याच्या पलीकडे वळवली की ते शीड उलट्या बाजूने भरते आणि नौका जवळजवळ थबकते. नारळ तीसेक मीटरवर डुलत होता. तो जाळीच्या पळीने काढला खरा, पण ह्यांचे वजन ७८ किलो आहे. पाण्यापासून मीटरभर उंचीच्या काठावरून मी त्यांना कसे ओढणार? शिडी लावून आणि शीड वर चढवण्याची दोरी चरखीवर घेऊन ते जमेल असे पुस्तकात लिहिलेले असते. उद्या नांगरावर असतानाच ते करून बघायचे आहे.

एकट्याने जाणाऱ्याला तर मागे वळून येणारेही कोणी नसते. दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या म्हादेईवरून २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ते वाचताना माझे लक्ष लाटांकडे होते. आता वाटते, ते कमरेच्या पट्ट्याकडे असायला हवे होते. आमच्या नौकेवर नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी मजबूत पट्टे ताणलेले आहेत आणि अंगावरच्या हार्नेसची कडी त्यांत अडकवता येते. ह्यांना दिवसाउजेडी कडी लावणे कमीपणाचे वाटायचे. आज दुपारनंतर "अहो, कडी?" असे विचारायची वेळ आली नाही.

बाकी दिवस नेहमीसारखाच गेला. जेवण कुकरमधली खिचडी, कारण नौका कितीही कलली तरी घट्ट बसलेल्या झाकणाचा कुकर सांडत नाही. गॅसचा खटका मात्र दर वेळी सिलिंडरपाशी बंद करायचा आणि नळीतला उरलेला गॅस शेगडीत जळू द्यायचा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो निदान दाराखालून बाहेर जाईल, पण नौकेचे पोट वाडग्यासारखे, तिथे साचला की एका ठिणगीची वाट पाहत बसतो. वादळापेक्षा मला याचीच भीती अधिक वाटते.

संध्याकाळी सातला पुण्यात लेकीला पोहोचल्याचा निरोप पाठवला. रात्री नऊपर्यंत निरोप आला नाही तर तिने आमच्या फोनवर दोनदा प्रयत्न करायचा आणि मग तटरक्षक दलाला १५५४ वर कळवायचे, असे ठरलेले आहे. आमचा मार्ग, शिडांचा रंग आणि नौकेची लांबी तिच्याकडे लिहून ठेवली आहे. रेडिओ रात्रभर १६ क्रमांकाच्या, म्हणजे संकटाच्या हाकेच्या, चॅनेलवर चालू असतो.

नांगर टाकला तेव्हा इथे ४ मीटर पाणी होते, भरतीला आणखी २ मीटर चढेल आणि नाळ पाण्यापासून मीटरभर उंच आहे. म्हणजे एकूण ७ मीटर, त्याच्या पाचपट ३५ मीटर साखळी सोडली आहे. किल्ल्याचा बुरूज आणि पलीकडच्या काठावरचा एक दिवा यांची दिशा होकायंत्रावर घेऊन ठेवली. नांगर सरकला तर ती बदलेल, म्हणून अकराला उठून ती पुन्हा पडताळायची आहे. सापडलेला नारळ ह्यांनी कोयत्याने सोलला, निम्मे खोबरे खिचडीवर किसून घातले. उरलेल्याची सकाळी चटणी करीन.